दोन पलंग, एक खोली

"मीनाताई, ती येत नाही म्हणते."

फोन अश्विनीचा होता. ती विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, बालगृहाच्या व्हरांड्यात उभी होती. मी बर्मिंगहॅममध्ये, ऑफिसच्या किचनमध्ये, किटली उकळायची वाट बघत.

"कोण येत नाही? नीट सांग."

"काजल. कालपासून बोलतच नव्हती. आज नवा ड्रेस द्यायला गेले तर म्हणाली, मले नाई यायचं. रोशनला घेऊन कॉटखाली जाऊन बसलीये."

मागून तिच्या नवऱ्याचा, निखिलचा, आवाज आला. "ती रडत पण नाही आहे, मीनाताई. रडला असता तर आय वुड नो व्हॉट टू डू."

निखिल जन्मला इथेच, बर्मिंगहॅममध्ये. त्याच्या मराठीत कोण रडला आणि कोण रडली याचा भरवसा नसतो. पण तो घाबरलाय हे कळायला व्याकरण लागत नव्हतं. मी चहा तसाच सोडला आणि एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये जाऊन बसले.

माझं काम थोडक्यात सांगते. मी अ‍ॅडॉप्शन सोशल वर्कर आहे. ज्यांना मूल दत्तक घ्यायचं असतं त्यांच्या घरी जायचं, त्यांचा चहा प्यायचा आणि त्यांना नको तितके खाजगी प्रश्न विचारायचे. पगार, आजारपणं, भांडण झालं की आधी कोण बोलतं, लहानपणी मार खाल्ला होता का. त्यातून जो जाडजूड रिपोर्ट तयार होतो त्याला होम स्टडी म्हणतात. मूल परदेशातलं असेल तर तो रिपोर्ट इथल्या सरकारकडून तिथल्या सरकारकडे जातो. मग मूल सुचवलं जातं, आईबाप एकदा जाऊन भेटून येतात, तिथली दत्तकाची ऑर्डर होते, पासपोर्ट आणि व्हिसा होतो. मुलं घरी आणायला जाणं ही अगदी शेवटची पायरी. तोवर सगळे दमलेले असतात आणि माझ्यासारखे लोक फाइल बंद करायच्या तयारीत असतात.

काजल आठ वर्षांची, रोशन चारचा. सख्खी भावंडं. नावं अर्थात मी बदलली आहेत, सगळ्यांचीच. अशा जोडीला घर मिळणं फार कठीण. लोकांना तान्हं बाळ हवं असतं. अश्विनी आणि निखिलने फोटो बघून दुसऱ्या दिवशी हो म्हटलं, तेव्हा मी, जी क्लायंटसमोर कधी डोळ्यांत पाणी आणत नाही, बाथरूममध्ये जाऊन नाक शिंकरून आले होते.

बालगृहाच्या अधीक्षिका फोनवर आल्या. तिथे सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई सरळ बोलणारी होती.

"हे बघा, ऑर्डर झालेली आहे. कायद्यानं पोरं यांचीच आहेत. पण मी तिला ओढून गाडीत कोंबू देणार नाही. विमानाची वेळ येईपर्यंत तिचं मन वळलं नाही, तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल."

समितीला कळवणं म्हणजे सगळी प्रक्रिया थांबणं. त्यानंतर ऑर्डर रद्द होऊ शकते आणि मुलं पुन्हा यादीत जातात. तोवर काजल नऊची, दहाची होणार, आणि मग त्या दोघांना कुणी विचारणार नाही. मॅडमना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरीही त्या बरोबर होत्या, आणि त्याचाच मला राग येत होता.

"पहिल्या भेटीत तर ती खूश होती ना?" मी अश्विनीला विचारलं.

"खूश म्हणजे! निखिलला लूडोत हरवलं, कधी नेणार म्हणून विचारलं."

"मग त्यानंतर काय घडलं? फोनवर काही बोललात? काही पाठवलंत?"

"काहीच नाही हो. आठवड्याला व्हिडिओ कॉल, बस. आणि तो घराचा व्हिडिओ, खोल्या तयार झाल्यावर पाठवलेला."

तो मी मागवून घेतला. व्हिडिओ निखिलने काढला होता. सुरुवातीला बाग, मग किचन, मग जिना. वर गेल्यावर एक दार उघडलं. आत पिवळ्या भिंती, पलंग, अभ्यासाचं टेबल. "काजल, हा तुझा रूम." मग कॅमेरा जिन्यावरचं लँडिंग ओलांडून पलीकडे गेला. दुसरं दार. भिंतीवर हाताने रंगवलेले ट्रक. "आणि हा रोशनचा रूम. त्याने कितीपण आवाज केला ना, दार बंद केला की तुला काहीच ऐकू येत नाही!" असं म्हणून त्याने ते दार बंद करून दाखवलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. बिचाऱ्याला त्या दाराचा कोण अभिमान.

दोन बेडरूम हव्यात हे आमच्या एजन्सीचंच म्हणणं. रिपोर्टमध्ये त्या दोन खोल्यांची मापं मीच लिहिली होती. मला संशय आला, पण संशयावर काही करता येत नाही. मी अश्विनीला म्हटलं, फोन कॉटखाली सरकव आणि तू बाजूला हो.

आमच्या कामात लहान मुलाला 'का' असं विचारायचं नसतं. 'का' म्हटलं की मूल मोठ्यांना आवडेल असं उत्तर शोधायला लागतं. काय, कुठे, मग पुढे, असं विचारत जावं. स्क्रीनवर आधी नुसता अंधार होता. मग एक वेणी आणि अर्धा चेहरा दिसला.

"काजल, मी मीनाआजी. तुझं दुपारचं जेवण झालं?"

"झालं."

"आता काय करायचं असतं?"

"आता सारे निजतेत."

"तू कुठे निजतेस?"

"रोशनच्या बाजूले. तो भितीकून, मी इकून."

"रोज तसंच?"

तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मी दुसरा प्रश्न न विचारता थांबले. मला ते जमत नाही असं घरचे म्हणतात, पण कामावर जमतं.

"नाई. आलतो तवा नाई. तवा त्याले लहान पोराईत ठेवलं होतं, मले पोरीईत. मंधात दार होतं. तो रडे तं मले आयकू ये. मंग बाईनं दार लावलं, तं आयकूई नाई ये."

एवढंच बोलली ती. पुढचं मॅडमनी सांगितलं. ती दोघं आली तेव्हा मॅडम तिथे नव्हत्या. बदली होऊन आल्यावर त्यांनी आधी त्या दोघांना एका ठिकाणी आणलं. तेव्हापासून काजल रात्री एक हात भावाच्या अंगावर टाकूनच झोपते. आणि आम्ही सातासमुद्रापलीकडून तिला दार लावून दाखवत होतो, तेही दोनदा.

अश्विनीने हे सगळं दाराआडून ऐकलं होतं. "आम्ही किती हौसेने केलं हो," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. मी तिला रडू दिलं, कारण तिला त्याची गरज होती. मग म्हटलं, "झालं? आता डोळे पूस. मी हेलनकडे जाते."

हेलन माझी मॅनेजर. मनाने चांगली, पण कागदाला फार घाबरते.

"मुलं एका खोलीत झोपतील," मी सांगितलं.

"मुलगा आणि मुलगी?"

"भाऊ आणि बहीण. चार आणि आठ."

"रिपोर्टमध्ये दोन बेडरूम आहेत, मीना. पॉलिसीत स्पष्ट..."

"पॉलिसीत 'शक्यतो' असं लिहिलंय. ती मीच टाइप केली होती."

हेलनने चष्मा काढला. "ठीक आहे. अ‍ॅडेंडम लिही. पण जे अजून झालं नाही ते झालं म्हणून लिहू नकोस. आधी जाऊन डोळ्यांनी बघ."

अ‍ॅडेंडम म्हणजे रिपोर्टला जोडायची पुरवणी. मी कोट घातला आणि बस पकडली.

घराची किल्ली निखिलच्या वडिलांकडे होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मूळचे कऱ्हाडकडचे, तरुणपणी इथे आले आणि मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत राहिले. होम स्टडीच्या वेळी मी त्यांची मुलाखत घेतली होती. तेव्हा ते मला फारसे आवडले नव्हते. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "माझं काय, मुलगा म्हणेल तसं."

त्या दिवशी मुलाच्या घराचं दार उघडल्यावर माझा चेहरा बघून ते म्हणाले, "नाही येत का पोरं?"

मी काय झालं ते सांगितलं. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. ट्रक त्यांनी रंगवले होते, हे मला तेव्हा कळलं. गुडघा दुखत असताना शिडीवर चढून.

"आम्ही सहा भावंडं एका वाकळेखाली झोपायचो," ते म्हणाले. "स्वतंत्र खोली मिळाली ती इथे आल्यावर. पहिले कितीतरी दिवस दिवा चालू ठेवून झोपायचो मी. लँडलेडी बिलावरून ओरडायची. आणि नातवंडांसाठी खोली रंगवताना यातलं काही आठवलं नाही बघा. चांगलं ते द्यायचं म्हणून दिलं." मग कठड्याला धरून उठले. "चला. तुम्ही गाद्या काढा."

मी सोशल वर्कर आहे, हमाल नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी गाद्या काढल्या.

व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत ठेवला. तिकडे संध्याकाळ झाली होती. काजल कॉटखालून बाहेर आली होती, पण पाठ भिंतीला लावून बसली होती. रोशन तिच्या मांडीवर. अण्णांनी कॅमेऱ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "काजल, मी आजोबा. रोशनचा पलंग तुझ्या खोलीत आणतोय. कुठे ठेवू ते तू सांग."

पलंग दारातून जाईना. आडवा केला, उभा केला, मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. माझं बोट चेमटलं आणि तोंडातून कोल्हापूरची एक शिवी गेली. रोशन खुदकन हसला. काजल हसली नाही, पण पुढे सरकली.

"आजोबा, पाय काढा न त्याचे," ती म्हणाली.

अण्णांनी टूलबॉक्स आणला. पलंगाचे पाय निघाले, पलंग आत गेला, पाय परत लागले. टेबल लँडिंगवर गेलं. दोन पलंग शेजारी शेजारी लागले.

"अजून जवळ," काजल म्हणाली.

ढकलला.

"मंधात फट हाये. त्याचा पाय जाईन त्याच्यात."

अण्णा खाली गेले आणि मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आले. पलंगांचे पाय एकमेकांना बांधून त्यांनी गाठ कॅमेऱ्याला दाखवली. काजल स्क्रीनला नाक लावून बघत होती. तिच्या मागे अश्विनी आणि निखिल उभे होते आणि दोघांपैकी कुणीही एक शब्द बोलत नव्हतं. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने कायम मोजते.

"अन् दार?" काजलने विचारलं.

"दार उघडंच ठेवू," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघितलं. अण्णांनी दाराकडे बघितलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बिजागऱ्या काढायला लागले. मला पुढचं दिसलं. हेलन, अ‍ॅडेंडम आणि त्यात 'दार काढले आहे' हे वाक्य. मी म्हटलं, "अण्णा, एवढं कशाला?" ते म्हणाले, "तुम्ही खालून धरा हो, जड आहे." मी धरलं. आम्ही दोघांनी ते दार उचलून लँडिंगच्या भिंतीला टेकवलं, आणि अण्णा दाराच्या मोकळ्या चौकटीत धापा टाकत उभे राहिले.

"आता?" त्यांनी विचारलं.

काजल उठली. रोशनला कडेवर घेतलं आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, आमची पिशवी कुठी हाये?"

निखिल तिथल्या तिथे खाली बसला. अण्णांनी फोनकडे पाठ केली आणि उगीचच स्क्रू मोजायला लागले. मी मात्र उघड रडले. रिटायरमेंट जवळ आली की तेवढं चालतं.

चौघं ठरलेल्या विमानाने आली. मी एअरपोर्टवर गेले नाही, तो घरच्यांचा वेळ असतो. नंतर अश्विनीने सांगितलं की काजल बूट न काढता थेट वर गेली, वाकून दोरीची गाठ ओढून बघितली आणि मग खाली येऊन वरणभात जेवली. हेलनने अ‍ॅडेंडम दोनदा वाचला, दाराच्या वाक्यापाशी थांबली आणि सही केली.

दत्तक मूल घरी आल्यावर आम्ही अधूनमधून भेट देतो. पहिल्या काही भेटींत ते पलंग तसेच होते. पुढच्या उन्हाळ्यात गेले तर काजलच मला वर घेऊन गेली. आता ती बर्मिंगहॅमच्या मुलांसारखं इंग्रजी बोलते. म्हणाली, रोशन रात्री लाथा मारतो, माझी फेल्ट पेनं घेतो, आणि मला माझी वेगळी खोली हवी आहे. दाराला कडीसुद्धा हवी आहे. त्या रविवारी अण्णांनी रोशनचा पलंग त्याच्या खोलीत नेला आणि दार परत बसवलं. रोशन थोडा रडला. ते रडणं लँडिंग ओलांडून ऐकू आलं, आणि काजलने पलीकडून ओरडून त्याला गप्प केलं.

आता माझ्या प्रत्येक केसमध्ये मी बालगृहाला आधी एक प्रश्न विचारते : हे मूल रात्री कुणाशेजारी झोपतं? उत्तर आलं की मगच खोल्या मोजते. हा प्रश्न आमच्या होम स्टडीच्या नमुन्यात घालावा असं मी हेलनला सुचवलं आहे. ती म्हणते, त्यासाठी आधी एक वर्किंग ग्रुप नेमावा लागेल.