फळीच्या मागची बाजू

मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि मी स्पीकर बांधायला घेतले, तेही बिनपेटीचे. प्लायवूडच्या उभ्या फळीला गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवायचा आणि मागची बाजू उघडीच ठेवायची. आवाज पुढे जातो तसा मागेही जातो आणि भिंतीवर आपटून परत येतो. त्यामुळे फळी भिंतीपासून किती दूर असावी, यावर सगळं ठरतं.

ते अंतर मला सापडेना. गाणं लावून खुर्चीत बसायचो, अर्ध्या कडव्यात उठायचो, फळी वीतभर सरकवायचो. गाणाऱ्याचा गळा मोकळा झाला की तबला पोकळ वाटे.

"अहो, एक गाणं तरी पुरं होऊ द्या," बायको म्हणाली.

"अजून नीट बसलं नाहीये."

"ते बसलंय. तुम्हीच बसत नाही."

एका दुपारी स्क्रू आणायला निघालो आणि पाकीट विसरलं म्हणून जिन्यातूनच परतलो. घरात गाणं चालू होतं. फळीच्या मागे, भिंतीला टेकून बायको मटार सोलत बसली होती.

"इथे कशाला बसलीस?"

"तुम्ही बाहेर गेलात की बसते. पोरगी गेल्यापासून घर खायला उठतं हो."

मला वाटत होतं, ते मलाच खायला उठतं. मी तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं माझा हात आपसूक फळी सरकवायला गेला. तिनं त्यावर मूठभर शेंगा ठेवल्या.

"सोला," ती म्हणाली.