गवई सरांची आफ्रिकन कोरफड

स्टाफरूमच्या कपाटात जुने पेपर साचतात, तसे आमच्या जानेफळकडच्या शाळेत किस्से साचतात. पेपर निदान रद्दीत तरी जातात! त्यातले निम्मे किस्से एका कोरफडीचे. मी तिथे मराठी शिकवते, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

विज्ञानाच्या गवई सरांनी शाळेमागच्या मुरमाड तुकड्यावर कमी पाण्यात जगणाऱ्या झाडांची बाग केली. तिची महाराणी ही आफ्रिकन कोरफड, अ‍ॅलो फेरॉक्स. एकच जाड खोड, पानांवर लाल काटे आणि म्हणे वर शेंदरी फुलांचा तुरा. 'म्हणे', कारण नऊ वर्षांत तुरा आलाच नव्हता! रिटायर व्हायच्या आत तो बघायचा, एवढाच सरांचा ध्यास.

*

आमच्याकडे उरलेलं पाणी फेकणं म्हणजे पाप. शाळा सुटली की पोरं बाटलीतलं पाणी झाडाला घालून घरी जातात. दया यायची नेमकी या कोरफडीची! तीनदा तिचं बूड सडता सडता वाचलं. शेवटी सरांनी पाटी लावली, 'हिला पाणी देऊ नका.'

दुसऱ्या दिवशी शिपाई पुंडलिकभाऊ भरलेली बादली घेऊन हजर. "सर, पाटी तं लेकरायसाठी हाय ना?"

*

एकदा चहानं हेडसरांचा हात पोळला. कुणाला न विचारता कोरफडीचं पान तोडायला गेले आणि दोन बोटांत काटे घुसवून आले.

"गवई, हे औषध हाय का शिक्षा?"

"सर, कोनी विनाअर्ज रजा घेतली तं तुमी काय करता? तेच तिनं केलं!"

*

सुलतानपूरचे एक पालक आले. नव्या घराच्या दारावर कोरफड उलटी टांगली की नजर लागत नाही, म्हणून त्यांना हीच हवी होती, मुळासकट.

सर म्हणाले, "हिलेच साऱ्या गावाची नजर लागून राह्यली. हिच्यासाठी कोनाले टांगू?"

*

सरांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले आणि पानांच्या मधून कळ्यांचा तुरा वर आला! सर वर्गावर्गात जाऊन सांगत होते. पुंडलिकभाऊ तर पोरांच्या बाटल्या तपासायला फाटकात उभे राहू लागले. निरोपाच्या आदल्या दिवशी खालच्या कळ्या उमलल्या. "उद्या पुरा फुलन, बाई!" सर मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं. मग पुंडलिकभाऊ हसत हसत स्टेजवर आले. हातात शेवंतीचा गुच्छ, आणि मधोमध तो शेंदरी तुरा.

"बजारातलं फूल काऊन द्याचं, सर? नऊ वर्सं तुमी वाट पाह्यली!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. सरांनी गुच्छ हातात घेतला. मग म्हणाले, "लई सुंदर हाय, पुंडलिकभाऊ," आणि त्यांना मिठी मारली.

कार्यक्रम संपल्यावर सर दिसेनात. मी मागे गेले. ते कोरफडीपाशी उभे होते, काखेत गुच्छ, आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या बुडाशी ओतत होते.

"सर!" मी ओरडलेच.

"तहान लागली असन हो बाई तिले."