अळणी पंगत

डॉक्टरांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरली. नळीत माझी लघवी होती. ती तापली आणि वरच्या बाजूने तिच्यात हळूहळू एक पांढरा ढग उतरू लागला. तो मला सुंदर वाटला. हे सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या की सगळं जग मी फटीतून पाहत होतो, आणि त्या फटीत त्या वेळी एवढंच होतं: निळी ज्योत आणि पांढरा ढग.

"हे अल्ब्युमिन," डॉक्टर म्हणाले. "रक्तातलं सत्त्व. ते लघवीत उतरता कामा नये. तुला अक्यूट नेफ्रायटिस झाला आहे."

नेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडांना आलेली सूज. आधी नुसता घसा दुखला होता. तो बरा झाला, मी विसरलो. मग एका सकाळी चेहरा फुगलेला. वसतिगृहातली मुलं म्हणाली, "काय रे, कोल्हापूरचं दूध मानवलं वाटतं!" मीही हसलो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा मात्र घाबरलो. ज्यांना असं काही दिसेल त्यांनी हसण्यावारी नेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

इस्पितळात पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. दिवसभर पडून राहायचं. फरशी पुसणाऱ्या बाईच्या ओल्या फडक्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, मी तारकर्लीला घरी आहे, लाट वाळूवरून मागे जाते आहे.

बाबा घाट चढून न्यायला आले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "पूर्ण विश्रांती. पाणी मोजकं. मीठ बंद, अगदी बंद. सूज राहिली तर दुखणं क्रॉनिक होईल, म्हणजे कायमचं मुक्कामाला येईल. मग कॉलेजचं नाव काढू नका."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एस.टी.त बाबांनी मला खिडकीशी बसवलं. घाटातल्या प्रत्येक वळणावर माझं डोकं त्यांच्या खांद्यावर पडत होतं आणि ते खांदा हलवत नव्हते.

आमच्याकडे पूर्वी कोणी कोणासाठी थांबून जेवत नसे. बाबा माडांची कामं उरकून येतील तेव्हा जेवत, धाकटी शालू शाळेच्या घाईत, आणि आई सगळ्यांच्या नंतर चुलीपाशी. आता माझं अळणी वेगळं शिजू लागलं. पडवीत बाकावर मी एकटा तो भात गिळत असे. एका दुपारी बाबा स्वतःचं ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"माका पण तेच वाढ," ते आईला म्हणाले.

त्या दिवसापासून घरात एकच अळणी जेवण शिजू लागलं. मिठाची करवंटी मधोमध ठेवायची, ज्याने त्याने आपापल्या पानात घ्यायचं. करवंटी एकच, म्हणून सगळ्यांना एकदमच बसावं लागे. आईलाही.

"दर्या दारात आणि जेवणात मीठ नाय," शालू म्हणाली. "लोक हसतले!"

"हसांदेत. तू जेव गो."

त्या जेवणात मला एकच गोष्ट आवडे, ती म्हणजे सोलांचं सार. सोलं म्हणजे आमसुलं. "मीठ नसून किती चव आहे ह्याला!" मी म्हणालो. आईचा चेहरा असा उजळला की ती दोन्ही जेवणांना सार करू लागली, आणि संध्याकाळी एक वाटी वर.

पण सूज हटेना. दर आठवड्याला बैलगाडीने मालवणला डॉक्टरांकडे जायचो. ते नडगीवर बोट दाबत आणि तिथे खड्डा राही. ह्याला पिटिंग इडीमा म्हणतात, म्हणजे दाबल्यावर खळगा राहणारी सूज. एकदा त्यांनी बोट उचललं आणि बाबांना म्हणाले, "हा मुलगा चोरून लोणचं खातो."

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "खातंस काय रे? खरा सांग."

"नाय, बाबा."

"मगे नाय."

तेवढंच. पण त्या दोन शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

मे महिना आला. जूनमध्ये कॉलेज उघडणार होतं आणि सकाळी माझे डोळे अजून सुजेने मिटलेलेच असत. एका दुपारी मी पडवीत अर्धवट झोपेत होतो. अंगणात आई आणि शालू रातांबे, म्हणजे ज्यांची सोलं होतात ती लाल फळं, फोडत होत्या. आईचे हात कोपरापर्यंत लाल. माडांच्या सावल्या तिच्या पाठीवरून इकडून तिकडे जात होत्या. लाल रसाच्या भांड्यात वरून काहीतरी पांढरं उतरताना मी पाहिलं आणि मला वाटलं, ती काचेची नळीच पुन्हा दिसते आहे.

"आये, ता काय घालतंस?"

"मीठ रे. मिठाबिगर सोलां टिकतत काय?"

बोलली, आणि तिची मूठ भांड्यावर तशीच राहिली.

"आये गो," शालू हळूच म्हणाली, "सार..."

आईने मुठीतल्या मिठाकडे पाहिलं. "आंबट ता आंबट, असाच धरलंय मी. दरवर्षी ह्याच हातान मीठ घालतंय, आणि ध्यानात इला नाय!"

बाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कोणाच्या ध्यानात इला? आमी सगळीच वाट्ये भरून पियालाव," ते म्हणाले. "ऊठ गो. हात धू."

त्यानंतर काहीही भांड्यात पडण्यापूर्वी आम्ही चौघं ते हातात घेऊन बघू लागलो: हे कुठून आलं, कोणी वाळवलं, कशात मुरवलं. आंबटाला ताजे रातांबे आणि कैरी आली. मालवणचे डॉक्टर सोलांतल्या मिठाचं ऐकून म्हणाले, "थोडं थोडं, पण रोज गेलं. कदाचित तेच असेल." तेच होतं, असं मीही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण खळगे भरत गेले. आणि एका सकाळी त्यांनी नळी ज्योतीवर धरली, आम्ही सगळे वाट पाहत राहिलो, पण ढग आलाच नाही.

"हळूहळू मीठ सुरू करा," ते बाबांना म्हणाले. "आणि ह्याला कॉलेजात पाठवा."

त्या दुपारी आईने माझ्या भातावर चिमूटभर मीठ घातलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घास घेतला. ती चव कशी होती ते मला अजून सांगता येत नाही. जिभेवर जणू दिवा लागला.

"कसा लागता रे?" शालूने विचारलं.

मी दुसरा घास घेतला. मग सगळे जेवले, पोटभर. आई ताटं उचलायला उठली, मधली करवंटी तिने हातात घेतली आणि ती हसायलाच लागली. करवंटीतल्या मिठावर माझ्यासाठी घेतलेल्या चिमटीची तेवढी एकच खूण होती.

"अरे देवा," ती म्हणाली, "ह्याच्या तोंडाकडे बघता बघता आज आमी सगळीच अळणी जेवलाव!"