रुद्राणीचा पाय

उदगीरच्या स्टेशनामागं गुरुबसप्पाचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याला चिकटूनच घर. रुद्राणी लग्न होऊन आली त्याच साली गुरुबसप्पाचा जोडीदार भांडून निघून गेला. ब्रेकमधली हवा काढायचं काम एकट्याचं नव्हे. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकामागं निजून ऑइलच्या नळीचं निपल सैल करायचं आणि बुडबुडे जाऊ द्यायचे. एका दुपारी गुरुबसप्पानं दारातून हाक मारली, "ये गं इकडं. बस वर."

तोवर रुद्राणी बसली होती ती बैलगाडीत, नाहीतर एसटीत. पदर खोचून ती जीपच्या सीटवर चढली. खालून आवाज आला, "दाब. धर. आता सोडू नको... हां, सोड."

मग ते कामच तिचं झालं. चुलीवरचं उतरवून यायची, पेडल दाबून परत जायची. दोन्ही लेकरांच्या वेळी पोट स्टिअरिंगला लागेस्तोवर बसली. पेडल मऊ, फुगल्यासारखं लागलं की आत हवा. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर आलं की चाकातले लायनर झिजलेत. हे तिला कुणी शिकवलं नाही, तळपायालाच कळत गेलं. गुरुबसप्पा खालून विचारायचा, "कसं लागून राहिलंय?" ती सांगायची आणि तो त्याप्रमाणं हात चालवायचा. एरवी भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंही त्या माणसानं तिला कधी विचारलं नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांच्या जीपा आल्या. गुरुबसप्पानं उदगीर सोडून लातुरात रेणापूर नाक्याजवळ जागा धरली. पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या, मधे एक दार. त्यातच पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर सुरू झाले आणि टँकरांची पाहणी करत जीपा खडकाळ रस्त्यांवर दिवसभर धावायला लागल्या. दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले, गुरुबसप्पाचा उठला. तो धोतर सोडून पँट घालू लागला.

एक दिवस जेवताना म्हणाला, "उद्यापासनं तू भाईर येऊ नको. सायबलोक येतेत. गाडीत बाई बसलेली बरी दिसंना."

"मग दाबणार कोण?"

"शरणप्पाला बोलिवलंय."

शरणप्पा त्याच्या भावाचा लेक, चांगला लग्नाळू गडी.  घागर घेऊन रुद्राणी हापशावर रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या उन्हाळ्यात रामकिशन ड्रायव्हरची जीप आली. पेडल खाली जातं म्हणाला. गुरुबसप्पानं लायनर बदलले, हवा काढली, शरणप्पानं धाडधाड पेडल मारून पाहिलं, टणक लागलं. जीप गेली. चौथ्या दिवशी परत हजर. "मिस्त्री, औशाच्या उतारावर पाय ठेवून होतो, पेडल हळूहळू पार तळाला गेलं. साहेब मागं बसलेले. देवानं राखलं."

गुरुबसप्पानं चारी चाकं उघडली. कुठं ओल नाही. ब्रेकचं ऑइलही जसंच्या तसं. पुन्हा हवा काढली. पुन्हा जीप गेली, पुन्हा आली. दाराआडून रुद्राणी ऐकत होती. न राहवून म्हणाली, "आवं, जोरात मारू नका. हळू दाबून धरून बघा की."

"तू आत हो," तो मागं न बघता म्हणाला.

दुपारी सगळे चहाला गेले. रुद्राणी दार लोटून बाहेर आली, जीपमध्ये चढली. तिनं पेडलावर हलकेच पाय ठेवला, वजन टाकलं आणि तसाच धरून ठेवला. पेडल थांबलं, मग तेल सरकावं तसं तिच्या पायाखालून खाली खाली जात तळाला टेकलं. बाहेर थेंब नाही, म्हणजे आतल्या आतच गळत होतं. पेडलाचा दाब पुढं ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरातलं रबर गेलं होतं.

"वहिनी, गाडी शिकून राहिल्या काय?" रामकिशन दारात उभा राहून हसत होता. त्याच्या मागं गुरुबसप्पा.

त्या संध्याकाळी गुरुबसप्पा तिला खूप बोलला. त्याचं बोलून झाल्यावर रुद्राणीनं ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मास्टर सिलिंडर उघडा. हळू दाबलं की पेडल बसतंय." तो खाली मान घालून जेवत राहिला.

सकाळी त्यानं सिलिंडर उघडला. आतल्या रबराची कड चिरलेली होती. नवं टाकलं, हवा काढली. रामकिशननं पेडल दाबून धरलं, दगडासारखं उभं राहिलं. साहेब स्वतः बघायला आले. "कसं ओळखलंत हो?"

"पायाला कळतंय सायब," गुरुबसप्पा म्हणाला. "इतकी वरसं करून राहिलो."

दाराआड रुद्राणीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. रात्री तिनं एवढंच विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलं?"

"बायकोनं सांगितलं म्हणू? हसतेत लोक."

दुसऱ्या दिवशी मधल्या दाराला गॅरेजच्या बाजूनं कडी बसली.

श्रावणात शरणप्पा सोयरीक ठरवायला नांदेडला गेला आणि नेमकी त्याच दिवशी एक जीप ब्रेकच्या कामाला आली. कडी निघाली. गुरुबसप्पा दारात उभा राहिला, नजर दुसरीकडं. "ये जरा. बस वर."

"न्हाई येत."

"काय झालं?"

"काय न्हाई. न्हाई येत."

त्यानं शेजारच्या चहावाल्या ग्यानोबाला हाक मारली. पत्र्यापलीकडून तिला ऐकू येत राहिलं: दाब, धर, सोड. ग्यानोबा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट दाबलं. जीप निघून गेली.

ब्रेक बिघडून ती जीप परत यावी, असं रुद्राणीला संध्याकाळपर्यंत वाटत होतं. आत माणसं बसलेली असतील हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली, तरी वाटायचं थांबलं नाही. जीप परत आली नाही. काम चोख झालं होतं.

जेवताना गुरुबसप्पा म्हणाला, "पेडल दाबाया काय, कुणीबी चालतंय."

त्यानंतर गरज पडली की ग्यानोबाच यायचा, चहाचा ग्लास हातात धरूनच सीटवर चढायचा.