बेंजो मास्तरांच्या कॅसेटवर नाचलेले लोक

अन्याय झाला तो पूर्णेच्या बेंजो मास्तरांवर. शहाऐंशी सालच्या वैशाखात, जिंतूर तालुक्यातल्या एका लग्नात, दुपारी चारच्या सुमाराला, भर रस्त्यात, शेकडो लोकांसमोर. गावाचं नाव छापत नाही, कारण आपल्या बौद्ध समाजाच्या सहा घरांना अजून तिथंच पाणी भरायचं आहे. गावाला मात्र बरोबर कळेल.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. रेल्वेत गँगमन होते. वाकडा झालेला रूळ सरळ करताना दहा जण पहारी लावतात, एक जण आरोळी देतो आणि बाकीचे ‘हैश्या’ म्हणून एकदम जोर देतात. ती आरोळी मास्तरांची. त्यांच्या प्रत्येक गाण्याचा ठेका तिथूनच आला. गँगमधलेच चौघे घेऊन त्यांनी ‘खडी पार्टी’ काढली. बेंजोला वायर जोडून भोंग्यातून असा काही आवाज काढायचे की कॉलेजातली पोरं त्याला डिस्को म्हणायची.

गाताना ते समोरच्याचं तोंड कधी बघत नसत. नजर खाली, लोकांच्या पायांवर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तोंड खोटं बोलतंय. पायाला अजून ती अक्कल आली न्हाई.”

पहिली कॅसेट काढायला कंपनीवाले तयार नव्हते. भक्तिगीतं आणा म्हणाले. मग मास्तरांनी रेल्वे क्वार्टरच्या खिडक्यांना गोधड्या टांगल्या आणि स्वतःच भरली. तिसऱ्या गाण्यात मधेच मालगाडी धडधडत जाते. पुन्हा भरू म्हटलं तर ऐकेनात. “ती बी आपलीच हाय. गाऊ द्या तिला.”

कॅसेटचं नाव ‘रूळ हलवा’. ती वाजली आणि जिल्हा हलला, हे मी पत्रकबाजी म्हणून सांगत नाही. पूर्णेत विहाराच्या अंगणात बाया उठून नाचल्या. त्यांच्यातली एक म्हातारी खाली बसत म्हणाली, “मेल्यानं माज्या गुडघ्याचं औषध बी इसरायला लावलं.” सोनपेठच्या बाजारात एका हॉटेलात तळणारा झाऱ्यावर ठेका धरायचा आणि भजी करपायची. लग्नातल्या बँडवाल्यांनीही त्या चाली उचलल्या. बँडवाल्यांची रीतच आहे, चाल घ्यायची आणि शब्द सोडायचे. त्यामुळे ज्यांच्या विहिरीवर मास्तरांना कोणी चढू दिलं नसतं, त्यांच्या दारातही मास्तरांची चाल घुमली. बिनशब्दांची.

आणि आम्ही? आम्ही नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्लेली माणसं. गावोगाव आपली घरं जळाली होती आणि हे कंबर हलवायलेत, म्हणून माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं. मथळा दिला, ‘चळवळ म्हणजे वरात नव्हे’. आत लिहिलं की ही कॅसेट उडाणटप्पू नाचगाणं आहे, समाजानं तिच्यावर बहिष्कार टाकावा. परभणीच्या बसस्टँडवर मी ते स्वतः वाटलं. आमच्या सभांतून खडी पार्टी बंद झाली.

मास्तर पत्रकाची घडी घेऊन माझ्या खोलीवर आले. वयानं मी त्यांच्या पोरासारखा, तरी मला ‘पत्रकसाहेब’ म्हणायचे.

“चांगलं लिव्हलं तुमी, पत्रकसाहेब. पर रडत निघालेला मोर्चा लवकर पोचतो का?”

“लोक शब्द ऐकत नाहीत, मास्तर. नुसते नाचतात.”

“ऐकतील. आदी पाय येतो, मागून कान येतो. तुमाला लय घाई.”

सभा बंद झाल्यावर पार्टीनं लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला सुरुवात केली. जिंतूरकडच्या त्या बागायतदारानं अट घातली होती, फक्त वाजवायचं, म्हणायचं नाही. लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पारावर निघाला, म्हणजे परण्या निघाला. आपल्याकडच्या परण्यात मित्रमंडळी किती वेळ काढतात ते तुम्हाला माहीत आहे. दीड तास पोरं धुळीत नाचली. मग नवरदेवाचाच एक दोस्त, घामानं चिंब, बेंजोजवळ येऊन म्हणाला, “मास्तर, एकदा तोंडानं म्हणा की.”

“मालक न्हाई म्हणलेत.”

“मी सांगायलोय ना.”

मास्तरांनी म्हटलं.

विहीर कोणी खणली, हैश्या,
तहान कोणाची गेली, हैश्या.

पहिल्या ओळीला पोरांनी ‘हैश्या’ला साथ दिली. दुसऱ्या ओळीला पाय थांबले. पुढचं मी ढोलकीवाल्याकडून ऐकलं. नाचणाऱ्यांतल्याच कोणी बेंजो हिसकून दगडावर आपटला. तो उचलायला मास्तर वाकले, तर लग्नातले नवे बूट त्यांच्या उजव्या हातावर नाचले. बाजा मात्र थांबू दिला नाही. ढोलकीवाल्याला दम देऊन पारापर्यंत वाजवायला लावलं.

पोलिसांत आम्ही गेलो. समोरच्यांनी टेबलावर कागद ठेवला. माझं पत्रक. “यांचेच लोक म्हणतेत, हा उडाणटप्पू हाय. बायामाणसांत घाण गाणं म्हणला, पोरं चिडली.” हवालदारानं ते मोठ्यानं वाचलं. माझंच वाक्य, माझंच नाव खाली. मास्तर माझ्याकडे वळले नाहीत. उपकारच म्हणायचा.

दोन बोटं परत वळली नाहीत. त्या हातात पहार बसेना, म्हणून गँगमधलं काम सुटलं आणि आरोळी दुसरा देऊ लागला. मास्तरांनी लांबची बदली मागून घेतली. पूर्णेच्या फलाटावर मी माफी मागायला गेलो होतो, नवं पत्रक लिहून. त्यांनी ते वाचलं नाही, डाव्या हातानं परत दिलं.

“आजून एक कागद नको, पत्रकसाहेब. एक माणूस आणा. मी बघितलं म्हणणारा.”

मग गाडी सुटली.

खटला अजून उभा आहे. साक्षीला खडी पार्टीचेच चौघे. बाहेरचा एकही नाही, म्हणून तो निकाली काढायला निघालेत. माझं पत्रक खोटं होतं, गाणं मी नीट ऐकलंच नव्हतं, हे मी कोर्टात लेखी दिलं आहे. त्यासाठी आमच्या नामांतराच्या समितीनं मला काढलं, काढू दे.

आता तुम्ही. होय, हे वाचणारे तुम्ही. त्या परण्यात तुम्ही नाचत होता, नाहीतर कडेला पाणी वाटत होता, नाहीतर माडीवरून बघत होता. कोणाचे बूट होते ते तुम्हाला माहीत आहे. येत्या तारखेला जिंतूरच्या कोर्टात या, आणि त्याचं नाव घ्या.