एकोणिसाव्या वन्सं

शिट्टीबाईंचा खरा धंदा शिवणकामाचा. पण गल्लीतल्या बायकांना रोज सकाळी मैदानावर कवायत शिकवायला लागल्यापासून त्यांचं पाळण्यातलं नाव सगळे विसरले. बाईंना वेड रांगांचं. रांगेतल्या बायका भांडत नाहीत म्हणे, कारण तोंडं सगळ्यांची एकाच दिशेला. बायका होत्या अठरा, आणि अठरा म्हणजे मोठा गुणी आकडा. दोनाच्या नऊ करा, तिनाच्या सहा करा, हवी तशी घडी घाला.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कवायत करून दाखवायची होती. आठवडा उरला असताना बाईंची नणंद मैदानावर हजर झाली. यजमान गेल्यापासून वन्सं भावाकडे राहत होत्या आणि वर्षभरात त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. भावजयीच्या फोडणीपासून टाक्यापर्यंत सगळ्याला नावं ठेवणं एवढाच काय तो त्यांचा व्यायाम. दोघींचा छत्तीसचा आकडा. आज मात्र नवे बूट घालून त्या म्हणाल्या, "मलाही घे गं."

"या की!" बाई म्हणाल्या, आणि पंचाईत झाली. एकोणीस! दोनाने भाग जाईना, तिनाने जाईना. चार-पाचाच्या रांगा केल्या तर शेवटची तोकडी. मूळ संख्याच ती, कुणाला दाद देते! एक तर एकोणीस जणींची लांबलचक शेपटी करा, नाहीतर वन्संना मागे एकटं उभं करा.

"छे, एक जास्त होतंय!" बाई वैतागून बोलून गेल्या.

वन्संनी ऐकलं. घरी येऊन बूट खोक्यात ठेवले. "राहू दे गं. माणसांत वावरायची सवयच गेली माझी. अठराच छान दिसता." रात्री जेवणाला त्यांनी एकही नाव ठेवलं नाही, तेव्हा मात्र बाईंच्या काळजात चर्र झालं.

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या टेबलावर कोटाची गोल बटणं पडली होती. बाई ती बोटाने उगाच सरकवत बसल्या. एक मध्ये ठेवलं. त्याच्याभोवती सहा बसली, अंगाला अंग लावून, ना फट ना दाटी. त्याभोवती आणखी एक वेढा घातला, त्यात बारा मावली. एक, सहा, बारा. बाईंनी पुन्हा मोजलं. एकोणीस! सहा बाजूंची रेखीव आकृती. अठराच घेतली असती तर बरोबर मधोमध भोक पडलं असतं.

"वन्सं! बूट घाला!"

"मधोमध? मी? अगं, मला धड पावलं येत नाहीत!"

"भोवती अठरा जणी आहेत. हरवाल कुठे?"

या आकृतीत पुढे कुणीच नसतं, म्हणून सगळ्यांनी मधलीकडे बघून पाऊल टाकायचं ठरलं. वर्धापनदिनी शिट्टी झाली आणि वन्संनी मोठ्या ऐटीत डाव्याऐवजी उजवा पाय टाकला. पण लगतच्या सहा जणींनी बघून उजवाच टाकला, त्यांचं बघून बाहेरच्या बारा जणींनी. बघणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"वहिनी, मी चुकले ना गं?" परतताना वन्संनी हळूच विचारलं.

"एकट्या चुकला असतात तर चूक. एकोणीस जणींनी मिळून केली, तिला कवायत म्हणतात."

वन्सं म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण तुझी शिट्टी फार किरटी वाजते."

बाईंना एकदम हायसं वाटलं.