टाच टेकलेली होती

माझे दाजी दिवसा लेथवर लोखंड कातायचे आणि संध्याकाळी कारखान्याच्या माडीवर कराटे शिकवायचे. पोरं पाठीमागे त्यांना 'टाचमास्तर' म्हणायची, कारण चाळीस वर्षं त्यांनी एकच दळण दळलं. "ठोसा हातात नसतो रे. टाचेनं जमीन ढकल, जमीन तुला उलट ढकलते. कंबर तो जोर वर नेते. हात म्हणजे नुसता पोस्टमन." वेग दुप्पट झाला की मार चौपट, हे ते खडूने भिंतीवर लिहायचे. दंड फुगवून आलेल्या धटिंगणांना या हडकुळ्या माणसाने लोळवलेलं मी पाहिलंय. मी स्वतः तिथे आठवडाभर गेलो आणि कंबर धरून घरी बसलो.

माणूस पारखायची त्यांची रीतही तीच. मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी ना नोकरी विचारली ना घरदार. मुलाला माडीवर नेलं आणि वाळूच्या पोत्यावर ठोसे मारायला लावले. "याची टाच सुटत नाही," ते खूश होऊन मला म्हणाले. "माणूस पक्का आहे." मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. भाचीला कुणी काही विचारलं नाही. पुढे चार वर्षं दाजींनी जावयाला पोटच्या पोरासारखं शिकवलं. पोटच्या पोरीला मात्र कधी त्या पोत्यापाशी उभं केलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं न कळवता तिच्याकडे गेलो. जावई बाहेर गेला होता. दाजी बसता बसता लोखंडी कपाटासमोर थबकले. पत्र्याला पोचा आला होता.

"कपाट हलवताना आपटलं," भाची घाईने म्हणाली.

पोच्यात दोन खळगे होते, शेजारी शेजारी, मुठीच्या पहिल्या दोन सांध्यांचे. दाजी खाली वाकले. फरशीवर बुटाच्या रबराचा काळा अर्धगोल उमटला होता, मागचा पाय वळतो तिथेच. केसाएवढा फरक नजरेने सांगणारा माणूस तो. मला भीती वाटायला लागली. त्यांनी भाचीला खांद्याला धरून कपाटाला पाठ लावून उभं केलं. खळगे तिच्या गालाशेजारी आले.

"टाच टेकलेली होती," ते म्हणाले. "हात आवरला नाही त्यानं. नेम चुकला का?"

"मी चुकवला, बाबा. दर वेळी नाही जमत."

मला दाजींचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा.

"बॅग भर," दाजी म्हणाले.

ती आत गेली आणि जिन्यात पावलं वाजली. घाई नव्हती त्या पावलांना. दाजींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि दाराकडे तोंड करून पवित्रा घेतला. वय बासष्ट, उजवा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलेला. मागची टाच टेकायला ते धडपडत होते, ती टेकत नव्हती. समोरून किती जोर येणार, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.